खुळखुळा उपटण्याआधी

चितेगावच्या शिवारात पैठण रस्त्याच्या कडेला, कारखान्यांच्या कुंपणालगत, कपाशीच्या धुऱ्यावर आणि मुरमाड पडीक तुकड्यांवर पावसाळा सुरू झाला की जी झुडपे वर येतात, त्यांत खुळखुळा असतो. श्रावण-भाद्रपदात त्याला पिवळी फुले येतात, दिवाळीनंतर फुगीर शेंगा वाळतात आणि आतले बी सुटून वाजू लागते. बहुतेकांच्या लेखी ते तण आहे. खुरपणीत निघते, नाहीतर तणनाशकाच्या फवाऱ्याखाली जाते. माझे म्हणणे असे, की शिवारातला सगळाच खुळखुळा काढू नये. त्याचा एखादा पट्टा ठरवून राखावा, कारण एक लहानसा देशी पतंग त्याच्यावर वाढतो आणि खुळखुळा गेला की त्या शिवारातून तोही जातो. हा पट्टा राखल्याने कपाशीचे, मक्याचे किंवा मोसंबीचे नुकसान होत नाही, हा या म्हणण्याचा दुसरा भाग. तो कुणी नुसता ऐकून मान्य करावा अशी अपेक्षा नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली. पुढच्याच वर्षी अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. ज्याने ही दोन्ही वर्षे सोसली, त्याला ‘ही अळी राहू द्या’ असे सांगायचे तर पुरावा दिला पाहिजे. म्हणून आधी पुरावा पाहू आणि पट्टा कुठे, कसा राखायचा ते नंतर.

हा पतंग म्हणजे युटेथिसा पुल्चेला. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याची सख्खी बहीण म्हणावी अशी युटेथिसा लोट्रिक्स ही जातही भारतात आहे आणि नुसत्या डोळ्यांनी दोघींतला फरक सांगणे अवघड. आपल्या कामापुरते दोघींना एकच मानले तरी बिघडत नाही, कारण दोघींच्या अळ्या खुळखुळ्यावर वाढतात. पंख मिटून बसलेला पतंग जेमतेम दोन सेंटिमीटर लांब दिसतो. पुढचे पंख दुधी पांढरे, त्यांवर बारीक काळे ठिपके आणि त्या ठिपक्यांच्या ओळींमधे शेंदरी-लाल ठिपके. मागचे पंख पांढरे, कडेला वेडावाकडा काळा पट्टा. पतंग म्हटला की रात्रीचा आणि मातकट रंगाचा, अशी आपली समजूत असते. हा मात्र दिवसाही दिसतो. गवतातून चालताना पायाजवळून उठतो, आठ-दहा पावलांवर जाऊन पुन्हा एखाद्या काडीवर बसतो आणि पानाआड लपण्याची खटपट करत नाही. अळी राखाडी-काळी, पाठीवरून पांढरी रेघ, प्रत्येक वलयावर नारिंगी आडवी खूण आणि अंगावर विरळ केस. ती कोवळी पाने, फुले आणि पुढे हिरव्या शेंगेतले बी खाते. वाढ पुरी झाली की खाली उतरून पालापाचोळ्यात सैलसर रेशमी आवरण विणते आणि त्यात कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पावसाळी हवेत चार-पाच आठवड्यांत संपतो.

इतका लहान आणि इतका भडक जीव उघड्यावर बिनधास्त बसतो, याचे कारण खुळखुळ्यात आहे. खुळखुळ्याच्या पानांत आणि त्याहून जास्त बियांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. त्यांतल्या मोनोक्रोटॅलिन या द्रव्याचे नावच क्रोटालेरिया या खुळखुळ्याच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. बहुतेक कीटकांना आणि जनावरांना ही द्रव्ये बाधतात. युटेथिसाची अळी मात्र ती पचवून बाहेर टाकत नाही, अंगात साठवते. कोषातून निघालेल्या पतंगाच्या शरीरातही ती कायम राहतात. हे नाते योगायोगाचे नाही, याची खूण या अळीच्या आहारातच सापडते. खुळखुळ्याशिवाय ती ज्या झाडांवर नेहमी आढळते, त्यांत ओलसर जागी आणि पडीक जमिनीत उगवणारी भुरुंडी आहे. भुरुंडी खुळखुळ्याच्या कुळातली नाही. खुळखुळा शेंगवर्गीय, तर भुरुंडी बोराजिनेसी कुळातली. पाने, फुले, फळे यांत काहीच साम्य नाही. सारखी आहेत ती आतली विषारी द्रव्ये. म्हणजे अळी पानाचा आकार किंवा कूळ पाहून झाड निवडत नाही, ती रसायनाच्या मागे आहे.

यावरचे सर्वांत बारकाईचे काम अमेरिकेत झाले. तिथे युटेथिसा ऑर्नाट्रिक्स ही याच वंशातली जात फ्लोरिडातल्या खुळखुळ्यावर राहते. कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझ्नर आणि रसायनशास्त्रज्ञ जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी सहकाऱ्यांसह अनेक वर्षे तिचा अभ्यास केला. त्यांनी पाहिले, की मोठ्या जाळ्याच्या कोळ्याने हा पतंग पकडला, तर तो त्याला खात नाही. तपासतो, आणि पतंगाभोवतीचे धागे एकेक करून तोडून त्याला सोडून देतो. मग त्यांनी काही अळ्या खुळखुळ्याऐवजी विष नसलेल्या, घेवड्यासारख्या शेंगांपासून केलेल्या खाद्यावर वाढवल्या. त्या अळ्या मेल्या नाहीत. नीट वाढल्या, पतंग झाल्या, रंगही तसाच भडक. पण ते पतंग कोळ्याने खाल्ले. याच संशोधकांनी १९८८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. मिलनाच्या वेळी नर आपल्या अंगातले विष शुक्राणूंबरोबर मादीला देतो आणि मादी स्वतःचे व नराकडून मिळालेले विष अंड्यांत उतरवते. नराचा गंधही याच विषापासून तयार होतो. कोणत्या नराकडे साठा किती आहे, याचा अंदाज मादीला त्या गंधावरून येतो. अंड्यांना ढालकिडे आणि मुंग्या तोंड लावेनाशा होतात. आपल्या बाजूच्या जातींवर इतके तपशीलवार काम झालेले नसले, तरी या वंशातल्या आशियाई-आफ्रिकी जातींच्या शरीरातही हीच द्रव्ये आढळली आहेत.

या प्रयोगातली एक गोष्ट वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. अळी विषाशिवायच्या खाद्यावर वाढू शकते. मग ती कपाशीवर किंवा तुरीवर का वाढणार नाही? पोटाचा प्रश्न असता तर वाढलीही असती. पण हा प्रश्न पोटापुरता नाही. पीक खाऊन वाढलेली अळी रिकाम्या हाताने जगात उतरते. कोळी, मुंग्या, पाखरे यांना ती खाता येते, तिच्यातून झालेल्या नराला मादी मिळणे कठीण जाते आणि तिच्या अंड्यांना कसलेच संरक्षण उरत नाही. अंडी कुठे घालायची हे मादी ठरवते, आणि ती विष असलेल्या झाडावरच घालते. भुकेलेली एखादी अळी शेजारच्या पानाला तोंड लावून पाहील, हे मान्य आहे. पण कपाशीवर, मक्यावर किंवा मोसंबीवर पिढ्यामागून पिढ्या वाढवण्यात या पतंगाचा तोटा आहे. घाटे अळीचा पतंग याच्या अगदी उलट. त्याला कोणत्याही एका झाडाच्या विषाची गरज नाही, म्हणून तो हरभऱ्यावरून तुरीवर, तुरीवरून टोमॅटोवर, टोमॅटोवरून कपाशीवर सहज फिरतो. शेतकऱ्याने भीती बाळगावी ती अशा सर्वभक्षी अळ्यांची, नाहीतर गुलाबी बोंडअळीसारख्या ज्या खास आपल्याच पिकाला बांधलेल्या आहेत त्यांची. दुसऱ्याच झाडाला इतक्या पक्केपणाने बांधलेली अळी कीटकनाशकाचा खर्च करण्याच्या लायकीची नाही.

पण एका पिकाच्या बाबतीत ही अळी खरोखर कीड आहे, आणि ते पीक म्हणजे ताग. काही जण त्याला बोरू म्हणतात. तागही खुळखुळ्याच्याच वंशातला आहे, म्हणून कृषी पुस्तकांत तागावरची केसाळ अळी म्हणून हिची नोंद सापडते. ही नोंद खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र आपण ताग कशासाठी पेरतो ते पाहा. मराठवाड्यात तो मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी पेरला जातो आणि फुलोऱ्यावर येताच, साधारण दीड महिन्यात, जमिनीत गाडला जातो. अळीने खाल्लेली थोडी पाने तिची विष्ठा होऊन त्याच जमिनीत जातात. अशा तागावर या अळीसाठी फवारणी करणे म्हणजे खतावर कीटकनाशक ओतणे. बियाण्यासाठी ताग राखणाऱ्याची गोष्ट वेगळी. शेंगेत शिरलेली अळी बी खाते आणि तिथे नुकसान होते. त्याने रानखुळखुळ्याचा पट्टा आपल्या बीजोत्पादनाच्या तुकड्यापासून लांब ठेवावा आणि शेंगा भरताना सकाळच्या वेळी फिरून अळ्या वेचाव्यात. तुकडा लहान असेल तर वेचणी पुरते, कारण अळी भडक असते आणि लपत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुळखुळ्यावर एकटी युटेथिसा राहत नाही. त्याच्या शेंगांत निळसर रंगाच्या एका लहान फुलपाखराची अळी असते. इंग्रजी पुस्तकांत त्या फुलपाखराला ‘पी ब्ल्यू’ म्हणतात आणि ते तुरीच्या फुला-शेंगांवरही अंडी घालते. शेंगा पोखरणाऱ्या आणखीही एक-दोन अळ्या दोन्हीकडे चालतात, घाटे अळीही कधी खुळखुळ्याच्या शेंगेत सापडते. म्हणजे ‘हे झाड किडींना आसरा देते’ ही तक्रार तुरीच्या बाबतीत पूर्ण खोटी नाही. यावर माझे उत्तर जागेच्या निवडीत आहे: तुरीच्या ओळींना लागून पट्टा ठेवू नका. कपाशीत तुरीची ओळ टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच तूर कुठे येणार ते पाहून पट्टा मका, बाजरी, ज्वारी किंवा मोसंबीच्या बाजूला धरा. रस्त्याकडेचा, ओढ्याकाठचा किंवा कारखान्याच्या हद्दीतला तुकडा त्याहून चांगला. दुसऱ्या पारड्यात काय पडते तेही पाहिले पाहिजे. खुळखुळ्याच्या फुलावर काळे भुंगे आणि पाने कातरणाऱ्या माश्या येतात. या फुलाची रचना अशी, की मोठ्या, जोरकस माशीने बसून खाली दाबले तरच परागकण वर येतात. याच माश्या पुढे तुरीच्या फुलांवर जातात. तूर फुलोऱ्यात येईपर्यंत या माश्यांना दुसरीकडे खाद्य मिळाले, तर त्या शिवारात टिकतात. ताग आणि त्याच्या काही भाईबंदांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी नीट वाढत नाहीत, हेही अनेक देशांतल्या कामातून दिसले आहे. भाजीपाला आणि डाळिंब करणाऱ्यांना या सूत्रकृमींचा त्रास ठाऊक आहे.

आता विषाचा प्रश्न. याबाबत मी कसलीही सूट मागणार नाही. पतंगाला जे विष वाचवते, तेच जनावराचे आणि माणसाचे यकृत निकामी करते. १९७०च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गावकऱ्यांच्या पोटात पाणी साठून माणसे दगावली. शोध घेतल्यावर कळले, की त्यांच्या खाण्यातल्या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या एका रानटी जातीचे बी मिसळले होते. त्याच दशकात अफगाणिस्तानात, दुष्काळानंतरच्या पिकात, भुरुंडीच्या भाईबंदाचे बी गव्हात मिसळून हीच व्याधी मोठ्या प्रमाणात पसरली. अमेरिकेत हिरवळीच्या खतासाठी भारतातून नेलेल्या खुळखुळ्याच्या एका जातीने तिथली जनावरे आणि पाखरे मेली. तेव्हा नियम कडक असला पाहिजे. ज्या रानातून बाजरी, राळा, वरी असे बारीक धान्य काढायचे, त्या रानात खुळखुळा अजिबात नको; तो शेंगा धरण्याआधी उपटा. वर सांगितलेला बाजरीच्या बाजूचा पट्टाही धुऱ्याच्या पलीकडे, मळणी यंत्राच्या वाटेबाहेर असला पाहिजे. कडब्याच्या गंजीत, मुरघासात किंवा कुट्टीत त्याची एक काडीही जाऊ देऊ नका. चरणारे जनावर हिरवा खुळखुळा सहसा टाळते, कारण तो कडू लागतो. धोका असतो तो वाळलेल्या वैरणीत मिसळल्यावर, कारण तिथे जनावराला निवड करता येत नाही. म्हणून वैरण कापण्याच्या गवताळ तुकड्यातही तो राखू नये. काही भागांत तागाच्या कळ्यांची भाजी करतात. त्यावरून रानातल्या खुळखुळ्याची फुले-पाने कुणी खाऊ नयेत, आणि खोकल्या-तापावर त्याचा काढाही घेऊ नये. लहान मुलांना वाजणाऱ्या शेंगा आवडतात. त्यांना हातात घेऊ द्या, पण बी तोंडात घालायचे नाही हे आधी सांगा.

इतका धोका असेल तर झाड समूळ काढलेलेच बरे, असे यावर कुणी म्हणेल. पण मग हाच न्याय कण्हेर, रुई, धोतरा आणि एरंड यांनाही लावावा लागेल. ही सगळी आपल्या दारापुढे, देवळाच्या आवारात, बांधावर शेकडो वर्षे आहेत. आपण ती उपटली नाहीत, ती कुठे असावीत आणि कुणाच्या तोंडी लागू नयेत हे शिकलो. सरगुजातले मृत्यू धुऱ्यावरच्या झुडपामुळे झाले नाहीत, ते मळणीत मिसळलेल्या बियांमुळे झाले. उपाय जिथे दुखणे आहे तिथेच करावा. धुऱ्यावर तणनाशक मारणे हा निर्धोक पर्याय आहे, असेही समजू नका. फवारणीचे विष माणसाला किती महाग पडते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना दगावलेल्या शेतमजुरांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. जी फवारणी टाळता येते ती टाळावी, आणि युटेथिसासाठीची प्रत्येक फवारणी टाळता येते.

जागा ठरवताना चितेगावचे स्वरूप लक्षात घ्यावे लागेल. हे गाव अर्धे शेतीचे, अर्धे कारखान्यांचे. एका बाजूला कपाशी, मका, मोसंबी, आणि दुसऱ्या बाजूला पैठण रस्त्यावरचे औद्योगिक भूखंड. पुढे बिडकीनला नवी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. मोकळी जमीन दरवर्षी आखली जाते, सपाट केली जाते आणि कुंपणात जाते. अशा जमिनीवर नंतर हिरवळ आणली जाते ती बहुधा बाहेरच्या गवताची आणि शोभेच्या झुडपांची. तिथे पाणी लागते, माळी लागतो, आणि देशी पतंगाला खायला काहीच नसते. कारखान्यांना हरित पट्टा राखावाच लागतो. त्या पट्ट्याचा मागचा, कुंपणाकडचा मुरमाड भाग खुळखुळ्याला सोडणे हा या गावातला सर्वांत सोपा मार्ग आहे. तिथे जनावर येत नाही, मळणी होत नाही, पाण्याचा खर्च नाही. खुळखुळा शेंगवर्गीय आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि भरावाच्या नापीक मातीतही तो तग धरतो. रात्रभर जळणारे मोठे दिवे मात्र त्या बाजूला नकोत. हा पतंग दिव्याकडेही येतो, आणि भिंतीवर बसून राहिला की सकाळी पाली आणि झाडू त्याला संपवतात. दिवा हवाच असेल तर त्याचे तोंड खाली करा. शेतकऱ्यासाठी ओढ्याकाठची पड, विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या मुरमाचा ढीग आणि पाणंदीची कड या जागा चांगल्या. सामायिक धुरा असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. धुऱ्यावरून होणारी भांडणे काही थोडी नसतात.

किती राखावा? मोजमापाचा हट्ट नको, पण दोन-चार विखुरलेली झाडे पुरत नाहीत. एका झाडावर अंड्यांचा पुंजका उबला की अळ्या ते झाड ओरबाडून टाकतात आणि मग त्यांना हाताच्या अंतरावर दुसरे झाड लागते. दहा-पंधरा पावलांचा दाट पट्टा असला, तर पाने, फुले आणि शेंगा यांतले काहीतरी कायम शिल्लक राहते. झाडे आधीच असतील तर नवे पेरू नका, आहेत तीच राखा. नसतील तर डिसेंबरात जवळच्याच माळावरून वाळलेल्या शेंगा गोळा करा. शोभेच्या झाडांच्या दुकानातून परदेशी जात आणण्याची गरज नाही. रानटी खुळखुळ्याच्या बियांचे कवच कठीण असते, तसेच टाकले तर बरेच बी त्या वर्षी उगवत नाही. मूठभर बी जाड वाळूबरोबर गोणपाटात घालून चोळावे, चकाकी जाऊन साल खरखरीत झाली की रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर ओल्या जमिनीवर फेकून वरून हलका फास मारावा. हे काम करणाऱ्याने हात धुवावेत आणि उरलेले बी धान्याच्या कोठीजवळ ठेवू नये. पुढे पाणी, खत काहीही द्यायचे नाही.

कापणीची वेळ हा यातला नाजूक भाग. बहुतेक धुरे ऑगस्ट-सप्टेंबरात साफ होतात, आणि नेमक्या त्याच वेळी झाडांवर अंडी, अळ्या आणि खाली पाचोळ्यात कोष असतात. निदान राखलेल्या पट्ट्यात डिसेंबरअखेरपर्यंत विळा घालू नका. शेंगा फुटून बी पडले की जानेवारीत झाडे वीतभर उंचीवर कापा आणि काड्या तिथेच पडू द्या. या काड्यांवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. प्लेन टायगर, ब्ल्यू टायगर यांसारख्या फुलपाखरांचे नर वाळलेल्या आणि जखमी खुळखुळ्यावर येऊन सोंड लावून बसतात. त्यांनाही मादीसाठी गंध तयार करायला हीच द्रव्ये हवी असतात. पट्टा पेटवून साफ करण्याची पद्धत मात्र सोडावी लागेल, कारण आगीत पाचोळ्यातले सगळे कोष जातात.

पट्ट्यात अळ्या दिसू लागल्या की मन साशंक होणारच. तेव्हा अंदाजावर न राहता पाहणी करा. पट्ट्याला लागून असलेल्या पिकाची पहिली ओळ घ्या आणि दहा झाडांची पाने उलटसुलट करून बघा. मग आतली पाचवी-सहावी ओळ तशीच बघा. राखाडी-काळी, नारिंगी खुणांची, विरळ केसांची अळी पिकावर स्थिरावलेली दिसत नसेल तर काळजीचे कारण नाही. दाट पिवळट-तपकिरी केसांच्या अळ्या झुंडीने पानाची चाळण करताना दिसल्या, तर त्या वेगळ्या. ती सोयाबीन-सूर्यफुलावरची बिहारी केसाळ अळी असू शकते आणि तिचा बंदोबस्त वेळेत करावा लागतो. खुळखुळ्यावर नारिंगी पंखांचा, पांढऱ्या कड्यांत काळे ठिपके असलेला जरा मोठा पतंगही दिसेल. तो आर्जिना, त्याच्या अळ्याही खुळखुळ्यालाच बांधलेल्या आहेत, त्याला घाबरू नका.

हा पतंग दुर्मीळ नाही, आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेला आहे, मग चितेगावात त्याची एवढी चिंता कशाला, असाही प्रश्न येईल. जागतिक नकाशावर जात सुरक्षित असणे आणि आपल्या शिवारात ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रकारच्या झाडावर अवलंबून असलेला जीव त्या झाडाबरोबर गावागावातून जातो, आणि त्याची कुठेही नोंद होत नाही, कारण तो ‘सर्वत्र आढळणारा’ असतो. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवले, त्याने फुलपाखरांकडे लोकांचे लक्ष गेले. पतंगांच्या जाती फुलपाखरांच्या कित्येक पट आहेत, तरी त्यांच्याकडे आपण दिव्याभोवतीचे किडेमकोडे म्हणून पाहतो. युटेथिसाच्या व्यापक पसरण्याची एक बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे. हा पतंग लांब उडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने उडत कधीकधी तो इंग्लंडपर्यंतही पोहोचतो. तेव्हा झाड परत आणले, तर पतंग आणून सोडावा लागणार नाही. वाटेवरचा एखादा पतंग त्या झाडाला शोधून काढील. संवर्धनाची इतकी कमी खर्चाची कामे फार थोडी असतात. यात पिंजरा लागत नाही की निधी लागत नाही. शंभर पावलांचा धुरा असेल, तर त्यातली पंधरा पावले सोडायची आहेत.

पट्टा राखला की नोंद ठेवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळला जातो आणि आपल्याकडे तेव्हा पावसाळा भरात असतो, त्यामुळे सुरुवात करायला तो काळ बरा. चितेगावातल्या शाळेतल्या मुलांनाही हे काम जमेल. अंडी कुठल्या झाडावर दिसली, पहिली अळी कधी, शेजारी कोणते पीक होते, त्या पिकावर काही सापडले का, एवढे वहीत लिहा. पतंगाचा वरून आणि बाजूने फोटो काढून ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, ओळख पटवून देणारे जाणकार तिथे असतात. आणि ही अळी तुमच्या कपाशीवर किंवा मक्यावर खरोखर वाढताना दिसली, अंड्यापासून मोठी होताना दिसली, तर त्या पानासकट ती बाटलीत घालून बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे न्या. या लेखातले म्हणणे तेवढ्यापुरते चूक ठरेल, आणि ते सगळ्यांना कळलेच पाहिजे.